पाळण्यातली डबी

ता. ४ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. 'फोनवर तुझा आवाज ऐकला की मला हुंदका येतो आणि मग सासूबाई घाबरतात, त्यापेक्षा तू लिहीत जा' म्हणतेस, म्हणून कागद घेऊन बसलोय. शाळा सुटल्यापासून एवढं सलग काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझी वहिनी मागून डोकावून म्हणते, "अहो, बहिणीला पत्र लिहिताय, पंपाचं रजिस्टर भरत नाही. तारीख, वेळ, दाब असं नका लिहू." तिला म्हटलं, तू तुझं काम बघ.

इकडे सगळं ठीक. पंपघर नंबर एकची मोटर परत रुसली आहे. साहेब म्हणतात नवीन येईल, पण ते गेली तीन वर्षं तसंच म्हणतायत. माझी कंबर अधूनमधून धरते. वहिनीने बाल्कनीतल्या कुंड्या सगळ्या उलट्या करून माती बदलली आणि घरभर चिखल केला. म्हणजे नेहमीचंच.

तू गावी सासूबाईंकडे जाऊन राहिलीस, पण तिथे जेवतेस ना नीट? सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन लांबणीवर टाकू नका. आपला पाहुणा गेला, त्यांचा मुलगा गेला, म्हणून त्यांनी डोळे मिटून बसावं असं थोडंच आहे. मला माहीत आहे, हे असं बोललेलं तुला आवडत नाही. पण मी असाच बोलतो, काय करू.

तू विचारलंस की ती डबी नक्की काय करते ते मला सोप्या शब्दांत सांग. सांगतो. आमच्यासारखे जे एकटे काम करतात त्यांना ती मिळते. चार पंपघरं, एकेका ठिकाणी एकेक माणूस, मैलभर आजूबाजूला चिटपाखरू नाही. पडलो, झडलो, शॉक बसला तर बघणार कोण? म्हणून ही डबी. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, पट्ट्याला अडकवायची. माणूस हलतोय की नाही ते तिला कळतं. पाच मिनिटं हालचाल नाही झाली की ती शिट्टी मारते. आपण बाजूचं बटण दाबायचं, म्हणजे 'मी ठीक आहे'. अर्ध्या मिनिटात नाही दाबलं तर कंट्रोल रूममध्ये दिवा लागतो आणि तिथली बाई डबीतूनच विचारते, "ठीक का?" उत्तर नाही आलं की गाडी सुटते. आणि आपल्यालाच काही झालं तर मधलं लाल बटण दाबायचं. एवढंच.

त्या बाईला आम्ही ठीकबाई म्हणतो. अकरा वर्षांत तिचं तोंड आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं, नुसता आवाज. सर्दी झालेली असली तरी आम्हाला कळायची.

तिला तूर्त निलंबित करून घरी बसवलंय. तू लिहितेस की अठ्ठावीस तारखेला चौकशी समितीपुढे येऊन तू तिच्याविरुद्ध बोलणार. तुझ्याकडे पाहुण्याच्या डबीच्या त्या दिवसाच्या नोंदीचा कागद आहे, त्यावर एक वाजून दहा मिनिटांपासून पाच वीसपर्यंत 'हालचाल चालू' असं छापलंय. 'चार तास दहा मिनिटं ते हलत होते, दादा. त्या खड्ड्यात पडून चार तास हातपाय हलवत होते आणि ती बाई पडद्याकडे बघत चहा पीत बसली.' हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलंयस.

मी काय लिहू त्यावर? यंत्राचं काही खरं नसतं, ठके. डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेव. पडल्या पडल्या शुद्ध गेली असणार. हातपाय वगैरे काही नाही. ते चित्र डोळ्यांपुढून काढून टाक बघू.

आणि तू ते पाळण्याचं विचारलंयस. त्याबद्दल सवडीने लिहितो. आता वहिनी जेवायला हाका मारतेय.

सासूबाईंना नमस्कार. इकडे सगळं ठीक.

तुझा
दादा


ता. १५ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं पाठोपाठ आली. दुसऱ्यात फक्त चार ओळी. 'पाळण्याचं तू टाळलंस. तुला माहीत असेल तर सांग, नसेल तर नाही म्हण.' लहानपणी माझ्या खिशातली गोळी शोधायला तू असंच समोर उभी राहायचीस, हात पसरून.

अगं, टाळलं नाही. कामं असतात.

नऊ वर्षं तुम्हाला मूल नाही, डॉक्टर झाले, औषधं झाली, हे मला का माहीत नाही? त्या दिवशी सकाळी तू मूल दत्तक घेण्याचा फॉर्म त्याच्या डब्याच्या पिशवीत घातलास आणि म्हणालीस, आज काय ते ठरवा. एक वाजता त्याने फोन केला. तू विचारलंस, वाचलात का? तो म्हणाला, "थांब, आधी पाळण्यात घालतो, मग निवांत बोलू." आणि फोन ठेवला. हे त्याचे शेवटचे शब्द. तू लिहितेस, 'रोज मी ते शब्द उशाशी घेते. ते हो म्हणाले, दादा. त्यांच्या पद्धतीने हो म्हणाले. हो ना?'

तो तुझ्याशी बोलला, तू ऐकलंस. मी त्यात काय सांगणार, ठके. माणूस बोलण्याच्या भरात काही म्हणतो.

दुसरं काहीतरी लिहितो. परवा एक विचित्र प्रकार झाला. माझी डबी बिघडली म्हणून स्टोअरमध्ये गेलो, तर स्टोअरकीपरने दुसरी काढून दिली. मागे नंबर बघितला तर सतरा. पाहुण्याची. चौकशीवाल्यांनी तपासून 'दोष नाही' असा शेरा मारून परत पाठवलेली. मी म्हटलं, ही नको, दुसरी दे. तो म्हणाला, एवढी एकच आहे, आणि डबीला काय विटाळ झालाय का? चारचौघांत काय बोलणार? घेतली.

तर त्याच दुपारी मी नंबर दोनला पायऱ्यांवर टेकलो होतो. असाच. काही करत नव्हतो. शिट्टी वाजली ती मला कळलीच नाही. मग डबीतून नव्या बाईचा आवाज आला. कुणीतरी नवीनच बसवली आहे. तिने हाक मारली ती पाहुण्याच्या नावाने. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. "तुमची हालचाल दिसत नाही, ठीक आहात ना?" कॉम्प्युटरमधलं नाव कुणी बदललेलंच नव्हतं. तिने परत तेच नाव घेतलं. आणि ठके, मी म्हणालो, "हो, ठीक आहे."

दुरुस्त करायचं सुचलंच नाही. तेव्हापासून रोज मी डबी लावून हिंडतो आणि तिकडे पडद्यावर तो हिंडतो. स्टोअरकीपरला दोनदा सांगून झालं, तो म्हणतो, अर्ज करा.

हे तुला लिहायला नको होतं. पण लिहिलं आता.

वहिनी बरी आहे. काल धुण्याला माझी पॅन्ट घेताना तिला खिशात वाकवलेली तार सापडली. "हे काय भंगार घेऊन फिरता?" म्हणाली आणि कचऱ्यात टाकायला निघाली. मी केवढ्यानं ओरडलो तिच्यावर. तिने तार माझ्या हातात आपटली. कामाची तार आहे, दुसरं काय.

हो, आणि ठीकबाईला मी पाहिलं. ऑफिसच्या जिन्यात. कागदावर सही करायला बोलावलं होतं तिला. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा, गुडघ्याला पट्टा. एकेका पायरीवर थांबत होती. मी ओळखलं नसतं, पण शिपायाला म्हणाली, "साहेब आहेत का?" आणि तो आवाज! मग मी शिपायाशी बोललो, तेव्हा आवाजावरून तिने मला ओळखलं. काहीतरी विचारत होती. मला घाई होती.

तिच्याविरुद्ध बोलायलाच पाहिजे का, ठके? तू लिहितेस, 'ती म्हणते की तीन वाजता तिने कुणालातरी फोन करून विचारलं होतं. खोटारडी.' अगं, असेल, नसेल. आता बोलून माणूस परत येणार आहे का? तू तिथेच राहा. प्रवासाची दगदग कशाला.

इकडे सगळं ठीक.

तुझा
दादा


ता. २३ जानेवारी

चि. ठके,

आज आशीर्वाद लिहीत नाही. शेवटपर्यंत वाचलंस की कळेल का ते.

दुपारचे सव्वा वाजलेत. मी पंपघर नंबर तीनमध्ये बसलोय. पाहुण्याच्या पंपघरात. आज इथली पाळी मी मागून घेतली. घरी लिहायला बसलो की वहिनी असते, आणि वहिनी असली की मी विनोद करतो, आणि विनोद करायला लागलो की मला जे लिहायचंय ते राहून जातं. माझा जन्म असाच गेलाय. इथे कुणी हसायला नाही.

तू लिहिलंस की तिकीट काढलं. सत्तावीसला पोचशील. तेव्हा तुला हे त्याआधी मिळायला हवं. तिथे समितीपुढे तिसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकायला नको.

पाळणा म्हणजे काय ते सांगतो.

इथे पंपातून मोठा पाइप निघतो, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. पंप चालू असला की तो थरथरतो. हात लावला तर कोपरापर्यंत मुंग्या येतात. त्या पाइपला तारेचा आकडा लावायचा आणि आकड्याला डबी टांगायची. डबी डुलत राहते. तिला वाटतं माणूस चालतोय. मग तू जेव, आडवा हो, पेपर वाच, ती शिट्टी मारत नाही आणि ठीकबाई हाक मारत नाही. ह्याला आम्ही म्हणतो डबी पाळण्यात घालणं. 'डबी पाळण्यात, डबा मांडीवर', हा आमचा जेवायच्या सुट्टीचा विनोद. चारी पंपघरांत सगळे करतात. सगळ्यांना वाटतं, त्यात काय एवढं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न.

तो तुला म्हणाला, "थांब, आधी पाळण्यात घालतो, मग निवांत बोलू." तो डबीबद्दल बोलत होता, ठके. डबी टांगून, डबा उघडून, मग तुझ्याशी सावकाश बोलणार होता. ते हो नव्हतं. नाही पण नव्हतं. तो मुलाबद्दल बोललाच नव्हता.

उठून पाणी पिऊन आलो. तू पण थांब.

आता पुढचं. तो आकडा मी शोधून काढला. आठ वर्षांपूर्वी, मी. वेल्डिंगची काडी घेऊन, पकडीने वाकवून, वरून निळी टेप गुंडाळून, म्हणजे खणखण होऊ नये. सगळे वाहवा करायचे. माझ्या डोक्याची कमाल वाटायची मला. चौघांना मी स्वतः करून दिले.

पाहुणा ते करायला तयार नव्हता. तुला त्याचा स्वभाव माहीत आहे, घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस. मी त्याला इथे चिकटवला तेव्हा त्याने नियमांचं पुस्तक पाठ केलं. पाठ! हात धुताना पण डबी पट्ट्याला. जेवताना दर पाच मिनिटांनी शिट्टी, दर पाच मिनिटांनी बटण, खरकटा हात पुसून. मी सगळ्यांसमोर त्याची चेष्टा करायचो. म्हणायचो, "आले बघा, कवचकुंडलं घालून आले." म्हणायचो, "पाहुणे, झोपताना पण लावता का? आमची बहीण काही म्हणत नाही?" सगळे खो खो हसायचे. तोही हसायचा, पण कान लाल व्हायचे त्याचे. दीड वर्ष मी हे केलं. आणि दिवाणखान्यात बसून तुझ्या हातचा चहा पिताना त्याला डोळा मारून 'कवचकुंडलं' म्हणायचो, तू विचारायचीस काय रे दादा, मी म्हणायचो, आमचं गुपित आहे.

ऑगस्टमध्ये मी त्याला आकडा करून दिला. म्हटलं, घ्या, बहिणीच्या नवऱ्याला भेट. त्याने खिशात ठेवला. वापरत नव्हता. मग मी रोज विचारायचो, घातलं का बाळाला पाळण्यात? रोज. ऑक्टोबर लागला तेव्हा एक दिवस तो म्हणाला, "घातलं बाबा, घातलं, आता तरी गप्प बसा दादा."

शिट्टी वाजली आत्ता. मी बटण दाबलं. लिहिताना हात हलतो, पण कंबरेची डबी हलत नाही ना. हे लिहायला बसल्यापासून सहाव्यांदा 'ठीक आहे' म्हणून झालं.

त्या दिवशी काय झालं असणार ते मी जागा बघून सांगतो. तो जेवला. डबा धुऊन, पुसून, पिशवीत ठेवलेला होता. मग खड्ड्यातल्या व्हॉल्व्हमधून पाणी झिरपताना दिसलं असेल, तिथे पाना पडलेला होता. तो शिडीने खाली उतरला. डबी पाइपलाच राहिली. विसरला. ज्याला कधी टांगायची सवयच नव्हती त्याला परत घालायची सवय कुठून असणार? आम्हाला ती होती. आम्ही कधीच विसरलो नाही. तो विसरला कारण तो आमच्यातला नव्हता, मी त्याला ओढून आमच्यात आणला होता. शिडीची वरून तिसरी कांब गंजलेली होती, ती तुटली.

म्हणजे तो चार तास हलत नव्हता, ठके. पाइप हलत होता. हातपाय आपटत, वर बघत, हाका मारत, असं काही झालं नाही. तो कागद पाइपचा आहे. तो नीट बघ, हालचालीच्या सगळ्या रेघा एकसारख्या आहेत. एकही कमीजास्त नाही. माणूस असा चालत नाही. मी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि तुला म्हटलं, यंत्राचं काही खरं नसतं. तू तीन महिने ते चित्र डोळ्यांपुढे घेऊन बसलीस आणि मी तुला सांगू शकत होतो, एका वाक्यात, की तसं नव्हतं. नाही सांगितलं. कारण ते सांगायचं तर मागचं सगळं सांगावं लागलं असतं.

पाळी संपून पाच वाजून गेले तरी तो रस्त्यावर आला नाही म्हणून मीच इथे आलो. वरून वाकून पाहिलं. खाली उतरलो. त्याच्या मानेला हात लावला. गार होता. मला तेव्हाच लाल बटण दाबायला हवं होतं, माझी डबी माझ्या कमरेला होती. मी परत वर चढलो. पाइपवरून त्याची डबी काढली. आकडा काढून खिशात घातला. परत खाली उतरलो आणि डबी त्याच्या पट्ट्याला अडकवली. दोनदा निसटली. मग तिचं लाल बटण दाबलं आणि बोंब मारली.

स्वतःला सांगितलं, पाहुण्याची अब्रू वाचवतोय, नाहीतर म्हणतील नियम मोडला म्हणून मेला. खोटं. निळी टेप सगळ्यांना माहीत होती. कुणीही म्हणालं असतं, हा आकडा कुणाचा.

मी ती शिडी दोनदा उतरलो. पहिल्यांदा त्याच्यासाठी उतरलो होतो.

इथपर्यंत वाचून तू मला शिव्या दिल्या असशील, आणि तरी मनात म्हणाली असशील की दादाने मुद्दाम नाही केलं, मस्करी होती, अंगाशी आली. मला ठाऊक आहे तू अशीच आहेस. लहानपणी मी ढकललं तरी आईला सांगायचीस, मी पाय घसरून पडले. म्हणून आता जे सांगायचंय ते मी सगळ्यात शेवटी ठेवलं. तीनदा लिहून तीनदा फाडलं.

ठीकबाई खोटं बोलत नाही. तीन वाजता तिने फोन केला होता. मला.

हालचाल दिसत असली तरी तीन वाजता प्रत्येकाला एकदा विचारायचं, ह्या नियमाप्रमाणे तिने पाहुण्याला डबीतून हाक मारली. दोनदा. तो बोलला नाही. पडद्यावर हालचाल दिसत होती. दुसरी एखादी असती तर सोडून देती. तिने स्वतःच्या मोबाइलवरून मला फोन केला. मी नंबर एकला मोटर उघडून बसलो होतो, हात काळे. म्हणाली, "अहो, तुमचे पाहुणे बोलत नाहीत. हालचाल आहे, पण मला बरं वाटत नाही. गाडी पाठवू का?"

मला त्याच क्षणी कळलं की डबी पाळण्यात आहे. जगात फक्त मलाच कळू शकत होतं. आणि मला वाटलं, जेवून लवंडला असेल लेकाचा. गाडी गेली तर आकडा बघतील. मग चारी ठिकाणचे आकडे निघतील, आणि ते कुणी केले ते निघेल. मी म्हटलं, "चालतोय ना पडद्यावर? चालणारा माणूस ठीकच असतो बाई. पंपाच्या आवाजात ऐकू येत नसेल. राहू द्या." ती म्हणाली, "तुम्ही घरचे आहात, तुम्ही म्हणता तर राहू देते."

फोन ठेवून मी हसलो, ठके. मला बरं वाटलं. वाटलं, शेवटी पाहुणा तयार झाला.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला पाठ आहे. तो दोनच्या सुमारास पडला. साडेतीनपर्यंत तरी जीव होता. गाडी तिथून वीस मिनिटांत पोचते.

समितीने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, फोन आला होता पण पंपाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. त्यांनी लिहून घेतलं. आणि त्या दिवशी जिन्यात त्या बाईने मला काय विचारलं माहीत आहे? रागावली नाही. कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मला एकच सांगा. तीन वाजता तुम्ही बोलला होता ना? का माझ्याच डोक्यात काही झालंय? घरचे म्हणतात मला भास झाला असेल. मला हल्ली झोपेत पण तुमचं ते 'राहू द्या' ऐकू येतं." मी म्हटलं, मला घाई आहे. आणि दोन दोन पायऱ्या उतरत निघून आलो.

हे सगळं मी काल कागदावर लिहून, सही करून, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. एक प्रत समितीला दिली. वहिनीला सकाळी सांगितलं. तिने डबा भरून दिला आणि म्हणाली, "ठकीला आज लिहा." नोकरी जाईल, आणखी जे व्हायचं ते होईल, त्याचं मला आता काही वाटत नाही. मला भीती आहे ती फक्त तुझी. तू सत्तावीसला उतरशील आणि माझ्याकडे बघशील, त्याची.

तू ये. अठ्ठावीसला तिथे ये. माझ्या शेजारी बसू नकोस. ठीकबाईच्या शेजारी बस. जिना चढताना तिला हात दे, डावा गुडघा दुखतो तिचा.

आणि एक. तो फॉर्म पिशवीतून तुझ्याकडे आला तेव्हा त्यावर त्याने पहिलं पान भरलेलं होतं, सही तेवढी राहिली होती, असं तू लिहिलं होतंस. पाळण्याचे शब्द मी तुझ्याकडून काढून घेतले. पण जेवून झाल्यावर, डबा धुऊन झाल्यावर, खाली उतरायच्या आधी इथे कुठेतरी बसून त्याने ते पान भरलंय. ते अक्षर त्याचं आहे. त्यात माझा हात नाही.

पाकिटात एक तारेचा आकडा आहे. निळी टेप थोडी सुटली आहे. समितीला द्यायचा होता. मग वाटलं, आधी तुझ्या हातात यावा. तू तो तिथे घेऊन ये. किंवा फेकून दे. तुझ्याकडे राहू दे.

डबी वाजतेय. अर्धा मिनिट. आज बटण दाबत नाही. आता ती नवीन बाई बोलेल, पाहुण्याचं नाव घेऊन. मी तिला आधी सांगणार आहे की हे नाव माझं नाही. मग ती विचारेल, ठीक का?

इकडे ठीक नाही, ठके.

दादा